विल्या, जनरेटर तूच कमी केला होतास

विल्या,

दहाव्याला कावळा लगेच शिवला रे. गोदावरीच्या काठावर पिंड ठेवून भटजी मागे सरतात न सरतात तोच तो वरून उतरला आणि भाताला चोच लावून मोकळा. शेजारची मंडळी कधीची ताटकळत बसली होती, हात जोडून विनवण्या करत होती, ती आपल्याकडे हेव्याने बघायला लागली. तुझा मेहुणा डोळे पुसत म्हणाला, "सुटले बिचारे. काही इच्छा राहिली नव्हती त्यांची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. इच्छा राहिली नव्हती? मग इतकी वर्षं माझं डोकं कशासाठी खात होतास?

बापू शेजारीच उभा होता. आपल्या तिघांतला तोच काय तो शांत माणूस. तो माझ्या कानात म्हणाला, "दिन्या, कॅसेटचं काय ते सांग ना त्याला. म्हण, काळजी करू नको." मी म्हटलं, "तो त्याची सगळी काळजी माझ्या गळ्यात टाकून गेलाय, मी कशाला सांगू?" नंतर घाटाच्या पायऱ्या चढताना एका पोराने मोबाईलवर आपलं गाणं लावलं, श्रद्धांजली म्हणून. तेच, ज्यात तुझा आवाज दाबल्यावर चिरकणाऱ्या बाहुलीसारखा येतो. ज्याला तू 'चिचुंद्री' म्हणायचास. तुझ्या दहाव्याला चिचुंद्री गात होती आणि लोक भारावून ऐकत होते. तू असतास तर मोबाईल नदीत भिरकावला असतास. मी नुसता उभा राहिलो.

तू गेल्यापासून जो तो येऊन मला विचारतोय, 'सुरुंग' बँडच्या आठवणी सांगा. 'पहिला बार' कसा झाला ते सांगा. मराठीतली पहिली खरी रॉक कॅसेट म्हणे. पहिली होती की नाही देव जाणे, पण ती आपण कशी केली हे तू आधीच इतक्या ठिकाणी इतक्या प्रकारांनी सांगून ठेवलंयस की माझ्यासाठी काही शिल्लकच नाही. तुझ्या त्या मुलाखती मी सगळ्या पाहिल्या आहेत. एकीत तू म्हणालास की ढोल वापरायची कल्पना तुला स्वप्नात सुचली. स्वप्नात! अरे, आमच्या मळ्यात झेंडूच्या क्रेटवर बसून मला ढोल वाजवताना तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस आणि म्हणालास, "हा गणपतीपुरता ठेवू नको, दिन्या. हा गिटारच्या शेजारी बसव." स्वप्न कसलं?

ते मात्र मी विसरलेलो नाही. आमच्या ढोलपथकातली पोरं हसली होती. वडील म्हणाले होते, फुलं तोडायची सोडून हे काय नवीन. मला स्वतःलाही पटलं नव्हतं. नाशिक रोडच्या क्वार्टरमधला, इंग्रजी गाणी ऐकणारा, केस खांद्यापर्यंत वाढवलेला तू, आणि मी हा असा, अंगाला कायम झेंडूचा वास. माझ्याकडे ड्रमसेट नव्हता, तर तू म्हणालास, "बरंय. तो सगळ्यांकडे असतो." खालच्या मोठ्या ड्रमच्या जागी तू माझा ढोल आडवा मांडलास, वर कुठल्याशा ऑर्केस्ट्रातून आणलेला छोटा स्नेअर ड्रम, आणि झांज. तेवढ्यावर मी उभं आयुष्य काढलं. विमा ऑफिसातली माझी नोकरी लोकांना माहीत नाही, पण 'पहिला बार'मधला ढोल वाजवणारा म्हणून अनोळखी पोरं अजून माझ्या पाया पडतात. हे तुझ्यामुळे झालं. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हणायला तोंड उघडलं की आपलं भांडण सुरू व्हायचं.

आता भांडणावर येतो. ते एकदाचं नीट सांगू दे, कारण मध्ये बोलायला तू नाहीस.

तुमच्या क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांनी वाजवू दिलं नाही म्हणून बापूने विंचूरला त्याच्या मामांचं कांद्याचं गोदाम मिळवलं. उन्हाळी कांदा अजून यायचा होता, गोदाम रिकामं होतं. आत बारदानाच्या थप्प्या होत्या. ते बारदान आपण भिंतीभर टांगलं, आवाज घुमू नये म्हणून. आठवडाभर नाकातून पाणी गळत होतं, कांदा नव्हता, पण त्याचा वास होता. तू एका जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून स्पूलचं मोठं रेकॉर्डिंग मशिन आणलं होतंस. वेगवेगळं वाजवून जोडायची सोय नव्हती. तिघांनी एकदम वाजवायचं, चुकलं की पहिल्यापासून. आणि गावाकडची वीज तर काय, दिवसा असायची तीच नवलाई. मग मांडववाल्याचा डिझेल जनरेटर आणला आणि गोदामाच्या मागे लावला.

त्याची भकभक तुझ्या माईकमध्ये यायला लागली. तू गाणार आणि मागे ते यंत्र खोकणार. बारदान वाढवलं, दार लावलं, जनरेटरपुढे माती भरलेल्या गोण्यांची भिंत घातली. काही फरक पडेना. तू वैतागलास. "आलोच लघवीला जाऊन," म्हणून बाहेर गेलास. मी स्नेअरचा पट्टा आवळत खिडकीशी बसलो होतो. मला तू दिसलास. जनरेटरपाशी वाकलास आणि त्याची वेगाची दांडी खाली ओढलीस. भकभक मऊ झाली. आत डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला. तू परत आलास, हात पँटला पुसलेस आणि म्हणालास, "आता कसं शांत झालं बघा. देवानेच ऐकलं."

त्या क्षणी आपल्याला कुणालाच कळलं नाही की मशिनची मोटारही त्याच विजेवर चाललीय. जनरेटर मंद, तर मोटारही मंद, आणि टेप हळू सरकतेय. तिथेच लावून ऐकलं तेव्हा सगळं झकास वाटलं, कारण ऐकतानाही तोच मंद जनरेटर होता. मशिन लावायचं ज्ञान तुझं, गिटार लावणारा कान तुझा, आणि बल्ब पिवळा पडलेला तिघांनी बघितलेला. तरी आपण आनंदाने पाव खाल्ले आणि सगळी गाणी त्यावरच उरकली.

मग मुंबईहून कॅसेटी छापून आल्या. तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात, अर्धवट उघडलेल्या अॅम्प्लिफायरांच्या ढिगात, आपण पहिली कॅसेट लावली. नाशिक रोडची वीज पूर्ण वेगाची. गाणी पळायला लागली. तुझा तो खर्जातला, छातीतून येणारा आवाज वर चढून पातळ झाला. पहिलं कडवं संपायच्या आत तू बटण दाबून बंद केलंस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. "हा मी नाही," म्हणालास. नंतर एकदम ओरडलास, "मुंबईवाल्यांनी वाट लावली!"

मला तू ओढलेली ती दांडी आठवली. तुला दिलासा द्यावा की दांडीचं बोलावं हे ठरेना. आणि खरं सांगू? मी दुसऱ्याच गोष्टीत अडकलो होतो. माझा ढोल. तो असा कडक, असा चपळ कधी वाजलाच नव्हता. प्रत्येक ठोका तापवलेल्या चामड्यावर पडावा तसा. बापू मला कोपर मारून म्हणाला, "तू असं कधी वाजवलंस, भो?"

झालं. तिथून आपलं जुंपलं ते जुंपलंच. परत छापायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळे जे होतं तेच लोकांनी ऐकलं. हॉस्टेलमध्ये एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी झाली. नंतर कुणीतरी ती इंटरनेटवर चढवली आणि आपण म्हातारे व्हायच्या सुमाराला प्रसिद्ध झालो. लोक म्हणायचे, काय तो वेग, काय ती धार! आणि तू, विल्या, तू चारचौघांत काय सांगायला लागलास? "वेग आम्ही मुद्दाम वाढवला होता. प्रयोग होता तो." मी टीव्हीसमोर बसून चहा सांडला होता ते ऐकून. घरी आलास की पुन्हा मुंबईवाल्यांच्या नावाने खडे फोडायचास. लोकांपुढे प्रयोग, माझ्यापुढे मुंबईवाले. दांडीचं नाव नाही. मी वाट बघायचो. वाटायचं, आज म्हणेल. एकदा म्हण रे, "दिन्या, मीच शेण खाल्लं." मी हसलो असतो आणि विषय मिटला असता. तू म्हटलं नाहीस, म्हणून मीही 'पाहिलं होतं' असं म्हटलं नाही. म्हातारपणी दोन माणसांनी असं वागावं?

तुझं म्हणणं एकच, गाणी खऱ्या वेगाने निघाली पाहिजेत. माझं म्हणणं, लोकांनी ज्यावर जीव लावला ते मोडू नये. तू म्हणायचास, "लोकांचं नाव कशाला सांगतो? तुला तुझा ढोल सोडवत नाही." मी म्हणायचो, "आणि तुला तुझा आवाज." दोघांचंही खरं होतं. वेग कमी केला की तुझा गळा परत येणार आणि माझे ठोके ढिले पडणार. वेग तसाच ठेवला की मी उस्ताद आणि तू चिचुंद्री. एकाच टेपवर दोघं चांगले वाजतील अशी सोयच नव्हती. तुझ्या घरी अलका वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "तुम्ही दोघं दुसरी कॅसेट का नाही करत?" तेव्हा तेवढं आपल्याला ऐकू यायचं नाही. आणि तुझी दुसरी कॅसेट झालीच नाही. चिचुंद्री ऐकल्यापासून तू माईकसमोर उभाच राहिला नाहीस. दुसऱ्यांचे माईक दुरुस्त करत बसलास. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे, आणि तो कुणावर काढायचा हे मला अजून समजलेलं नाही.

मग ती मुक्ता आली. मुंबईत जुनी गाणी नव्याने तबकडीवर काढणारी चुणचुणीत मुलगी, आपल्या मुलींच्या वयाची. विंचूरचे मूळ स्पूल तुझ्या माळ्यावर अजून आहेत हे ऐकून ती खुर्चीतून उडालीच. म्हणाली, "काका, कुठल्याही वेगाने काढता येईल. फक्त तुम्ही तिघांनी एकमताने सांगा." बापूने लगेच अंग काढून घेतलं, "हे दोघं जे ठरवतील ते." तिला बिचारीला काय माहीत, आपण दोघांनी चहात साखर किती हेही कधी एकमताने ठरवलेलं नाही.

आपली शेवटची भेट तीच. तुझ्या दुकानात, दुपारी. बाहेर स्टेशनच्या रिक्षा हॉर्न वाजवत होत्या आणि तू दार लावून घेतलंस, म्हणजे मनसोक्त ओरडता यावं. मी म्हटलं, "विल्या, तू लोकांना प्रयोग म्हणून सांगितलंयस. आता मंद करून काढली तर तूच खोटा पडशील." तू म्हणालास, "पडेन. पण एकदा मला माझं गाणं ऐकू दे. माझ्या आवाजात. मेल्यावर ऐकू काय?" मी म्हटलं, "नाटकं बंद कर. तुला काय धाड भरलीय?" हे मी बोललो. तू हातातली सोल्डरिंगची सळई खाली ठेवलीस आणि म्हणालास, "बरं, तू ठरव. मी दमलो भांडून. तू म्हणशील ते." मला वाटलं हा तुझा नवा डाव आहे. "बघतो," म्हणून मी उठलो. धाड तुला खरंच भरली होती, आणि तू घरात कुणाला सांगितलंही नव्हतंस. डॉक्टरकडे जातो म्हणून निघायचास आणि दुकानात येऊन बसायचास, हे नंतर कळलं. माणसाने किती लपवावं याला काही मर्यादा?

तेरावं झाल्यावर वहिनींनी दुकान उघडलं आणि मुक्ताला बोलावून घेतलं. मलाही. तिने स्पूल तिच्या लॅपटॉपमध्ये आधीच उतरवून घेतले होते. प्रश्न एवढाच होता की खरा वेग कुठला हे ओळखायचं कसं? मुक्ता म्हणाली, "गिटार कशावर लावली होती ते कळलं तर जमेल." वहिनी आत गेल्या आणि तुझ्या आईची पेटी घेऊन आल्या. तीच पेटी आपण विंचूरला नेली होती, तिच्याच सुरावर तू तार लावायचास. मी भाता ओढला आणि तो सूर धरून ठेवला. तिकडे मुक्ता टेपचा वेग थोडा थोडा उतरवत गेली. आधी दोन सूर नुसते एकमेकांवर घासत होते. मग जवळ आले. मग पेटी कुठली आणि गिटार कुठली हे कळेनासं झालं. "इथे," मुक्ता म्हणाली, आणि तिने गाणं पहिल्यापासून लावलं.

विल्या, तू गायलास.

काय गायला होतास रे! तो जाड, थोडा घोगरा आवाज, ओळ संपताना खाली बसणारा, मधेच श्वास घेतोय ते ऐकू येणारा. वहिनींनी पदर तोंडाला लावला. "हेच ते," म्हणाल्या. "माझ्याशी लग्न ठरलं तेव्हा असेच बोलायचे." आणि माझा ढोल? वरातीतली पोरं जेवून आल्यावर वाजवतात तसा. जड. काही ठिकाणी तर सरळ मागे पडलेला. तरुणपणी मी इतका सावकाश वाजवत होतो हे मला माहीतच नव्हतं. आणि मग तिसऱ्या गाण्यात माझ्या लक्षात आलं की तू थांबतोयस. ओळ सुरू करायच्या आधी तू माझा ठोका पडायची वाट बघतोयस. एकदा नाही, प्रत्येक कडव्याला. माझा ठोका उशिरा येतो, तू तो येऊ देतोस आणि मगच गातोस, जणू गाण्याची चालच तशी आहे. पळत्या टेपवर ते थांबणं मिटून गेलं होतं. इतकी वर्षं मी ज्या गाण्यात स्वतःला उस्ताद समजत होतो, त्यात तू मला सांभाळून नेत होतास. आणि इतक्या भांडणांत हे हत्यार तू एकदाही काढलं नाहीस.

मी वहिनींना तेव्हा दांडीचं सांगून टाकलं. मला राहवलंच नाही. म्हटलं, "वहिनी, मुंबईवाल्यांचा काही दोष नव्हता. विल्यानेच जनरेटर कमी केला होता. मी पाहिलं होतं." त्या रडता रडता हसायला लागल्या. म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, भाऊजी. कॅसेट आली त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणाले, दिन्याला कळू देऊ नको, तो जन्मभर चिडवेल."

म्हणजे तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि आपण दोघं मुंबईवाल्यांना शिव्या घालत बसलो. तुझ्यासारखा गाढव मी पाहिला नाही, विल्या. आणि तुझ्या शेजारी इतकी वर्षं बसलो, म्हणजे माझंही काही फार वेगळं नसणार.

चिडवलं असतं रे. जन्मभर चिडवलं असतं, हे खरंय. लग्नात, बारशात, दिवाळीच्या फराळाला. बल्ब पिवळा पडला की तुझ्याकडे बघितलं असतं. पण तू दुसरी कॅसेट केली असतीस. मी तुला ओढत विंचूरला नेलं असतं, जनरेटरपाशी उभा केला असता आणि म्हटलं असतं, आता दांडीला हात लावून दाखव. त्या एका वाक्याच्या लाजेपायी तू गाणं सोडलंस. ही माझी तक्रार आहे, आणि ती मी मागे घेणार नाही.

काल मुक्ताला फोन केला. म्हटलं, विल्याच्या वेगाने काढ. ती म्हणाली, "नक्की ना, काका? लोक ढोलाबद्दल बोलतील." म्हटलं, बोलू देत. तिने विचारलं, वेग का बदलला याबद्दल तबकडीच्या पाकिटावर काय छापायचं, प्रयोग की छपाईची चूक? मी म्हटलं, दोन्ही नको. लिही, जनरेटर विलासने कमी केला होता आणि दिनेशने पाहिलं होतं. तिने ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.

फोन ठेवला आणि मी मळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. भांडण संपलं, विल्या. मी हरलो. तुझा आवाज बरोबर होता आणि माझा ढोल ढिला होता. हे मला तुझ्या दुकानात येऊन, तुझ्या तोंडावर सांगायचं होतं. तेवढं ऐकून जायचं होतंस, भो.